बुटांचा बाजार आणि विनोदाची किंमत

विडंबनाचा विषय होण्यासाठी एखाद्या गोष्टीला आधी स्वतःचे गांभीर्य कमवावे लागते. ज्या व्यवहाराचे विधी ठरलेले नाहीत, ज्याची परिभाषा रुळलेली नाही आणि ज्याचे भक्त त्यासाठी रात्र जागवायला तयार नाहीत, त्याचे विडंबन करता येत नाही. केलेच तर ते कोणाला कळत नाही. या कसोटीवर अमेरिकेतील स्नीकर-फेरविक्रीच्या संस्कृतीची टर उडवणाऱ्या छोट्या विनोदी चित्रफिती अभ्यासाचा विषय ठरतात. मिनिटा-दीड मिनिटाच्या या प्रहसनांत काही ठरावीक पात्रे वारंवार भेटतात. बुटाला सुरकुती पडू नये म्हणून पेंग्विनसारखा चालणारा तरुण; खरा की नकली हे ठरवण्यासाठी बुटाला नाक लावून डिंकाचा वास घेणारा पारखी; खोक्याचा कोपरा चेपला म्हणून किमतीत घासाघीस करणारे गिऱ्हाईक; आणि मुलाने जपून ठेवलेला दुर्मिळ जोड कपड्यांबरोबर धुण्याच्या यंत्रात टाकून मोकळी होणारी आई. हा विनोद आजचा वाटतो. परंतु आमच्या मते तो चार दशकांचा आहे, आणि त्याचा इतिहास म्हणजे बाजाराने थट्टा पुन्हा पुन्हा खिशात घातल्याचा इतिहास आहे.

सुरुवात १९८५ पासून करावी लागेल. त्या वर्षी नाइकी कंपनीने मायकेल जॉर्डन या तरुण बास्केटबॉलपटूच्या नावाचा बूट ६५ डॉलरला बाजारात आणला. जॉर्डनच्या काळ्या-लाल बुटांवर एनबीए या व्यावसायिक संघटनेने आक्षेप घेतला होता. कंपनीने त्या आक्षेपाचीच जाहिरात केली. संघटनेने खेळात मना केलेला बूट तुम्हाला घालायला मात्र कोणी मना करू शकत नाही, असा तिचा आशय होता. प्रत्यक्षात आक्षेप ज्याच्यावर होता तो बूट हा नसून त्याच कंपनीचा ‘एअर शिप’ हा आधीचा नमुना असावा, असे आता अनेक जाणकार मानतात. म्हणजे या संस्कृतीची मूळ कथाच अर्धी रचलेली आहे. एका वस्तूला दंतकथा चिकटली की तिची किंमत चामड्यावर आणि रबरावर अवलंबून राहत नाही.

दुसऱ्याच वर्षी थट्टा सुरू झाली. स्पाइक ली यांच्या ‘शीज गॉटा हॅव इट’ (१९८६) या कृष्णधवल चित्रपटात मार्स ब्लॅकमन नावाचे एक बडबडे, किरकोळ अंगाचे पात्र आहे. ली यांनी ते स्वतःच केले. हा मार्स प्रेमप्रसंगातही पायातले जॉर्डन उतरवत नाही. वस्तूवरची भक्ती माणसावरच्या प्रेमापेक्षा वरचढ ठरली, हे दाखवायला यापेक्षा नेमका विनोद सापडणे कठीण. पण पुढे काय झाले? जाहिरात संस्थेतल्या मंडळींना हे पात्र आवडले आणि १९८८ पासून तोच मार्स प्रत्यक्ष जॉर्डनच्या शेजारी उभा राहून नाइकीच्या जाहिरातींत झळकू लागला. या खेळाडूचे रहस्य बुटांतच असले पाहिजे, असा हट्ट तो धरतो आणि जॉर्डन शांतपणे नाही म्हणत राहतो. जाहिरात ग्राहकाच्या भाबडेपणाला हसते, आणि हसता हसता त्यालाच बूट विकते. विडंबन आणि विक्री यांचा हा पहिला मोठा करार.

याच ली यांच्या ‘डू द राइट थिंग’ (१९८९) मधला एक प्रसंग मात्र त्या करारात मावत नाही. ब्रुकलिनच्या कृष्णवर्णीय वस्तीत एक गोरा सायकलवाला चुकून बगिन आउट या तरुणाच्या नव्या कोऱ्या जॉर्डनवर डाग पाडतो. बुटाची किंमत शंभर डॉलरच्या वर, त्यामुळे भोवतीची पोरे या दुर्घटनेचा शोकसोहळाच मांडतात. प्रेक्षक हसतो. पण वाद वाढत जातो तेव्हा कळते की त्या सायकलवाल्याने याच गल्लीत घर विकत घेतले आहे. एकाची मालमत्ता पायात आहे, दुसऱ्याची रस्त्याच्या कडेला दगडविटांत उभी आहे. बुटावरच्या डागाचे हसू इथे वस्तीच्या मालकीच्या प्रश्नापर्यंत येऊन थांबते. स्नीकरवरच्या सगळ्या प्रहसनांचा हा मूळपुरुष मानायला हरकत नाही. मात्र वंशजांपैकी फार थोड्यांना इतके दूरचे दिसते.

ज्या वर्षी हा चित्रपट आला त्याच वर्षी मेरीलँड राज्यात १५ वर्षांच्या एका शाळकरी मुलाचा त्याच्या जॉर्डन बुटांसाठी गळा आवळून खून झाला. १९९० च्या मे महिन्यात ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ने अशा घटनांवर मुखपृष्ठकथा केली. जाहिरातीत हसवणाऱ्या ली यांनाही जबाबदार धरण्यात आले आणि त्यांनी ते रागाने फेटाळले. दोष केवळ जाहिरातीचा नव्हता, हे खरे. ज्या वस्त्यांत प्रतिष्ठेची दुसरी साधने मिळत नव्हती, तिथे पायातली प्रतिष्ठा जिवावर उठली. तरीही या विषयावर हसताना तो मुलगा विसरता येत नाही.

फेरविक्रीला व्यापाराचे रूप आले ते नंतर. १९९५ मध्ये ईबे सुरू झाले आणि संग्राहकांच्या हौसेला देशव्यापी लिलाव मिळाला. २००५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधल्या एका दुकानाबाहेर, जेफ स्टेपल यांनी रेखलेल्या ‘पिजन डंक’ या बुटासाठी लोक थंडीत मुक्काम ठोकून राहिले. एकूण जोड अवघे १५०. गर्दी आवरायला पोलीस आले आणि दुसऱ्या दिवशी शहराच्या वृत्तपत्राने पहिल्या पानावर बातमी छापली. २०१६ मध्ये डेट्रॉइटमध्ये ‘स्टॉकएक्स’ सुरू झाले, तेव्हा रूपक पूर्ण झाले: बुटांचे भाव समभागांसारखे आलेखावर चढू-उतरू लागले. सिनेमाच्या तिकिटांचा ‘ब्लॅक’ आपल्याला ठाऊक आहे; पण ब्लॅकवाल्याच्या हाती शेअरबाजाराची परिभाषा कोणी दिली नव्हती. ती या पोरांना मिळाली, आणि विडंबनकारांचे काम सोपे झाले.

साधने आधीच तयार होती. यूट्यूब २००५ चे. २०१३ मध्ये आलेल्या वाइनने अवघ्या सहा सेकंदांची मर्यादा घातली. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथे ब्रँडन मूर या तरुणाने एका पोलीस अधिकाऱ्याच्या बुटांकडे कॅमेरा वळवून, हे काय घातले आहे, अशा अर्थाचा प्रश्न लांब हेल काढून विचारला. ती चित्रफीत जगभर पसरली आणि तो प्रश्न २०१८ मध्ये ‘ब्लॅक पँथर’ चित्रपटापर्यंत पोहोचला. मूळ प्रसंगातली गंमत निव्वळ बुटांची नाही. सत्ता गणवेशात आहे, बंदूक तिच्या कमरेला आहे, आणि तरीही पादत्राणांच्या न्यायालयात ती आरोपी ठरते. अनुकरणांत मात्र गणवेश गळून पडला. शाळाशाळांतून हाच प्रश्न स्वस्त बूट घालणाऱ्या मुलांना विचारला जाऊ लागला. वर रोखलेला उपहास खाली वळायला फार वेळ लागत नाही.

फेरविक्रीवरच्या प्रहसनांचे तंत्र साहित्याच्या विद्यार्थ्याला परके नाही. क्षुल्लक विषयाला उदात्त शैली चढवायची, हा उपहासकाव्याचा जुना मार्ग. इथे बूट पाहताना न्यायवैद्यक तज्ज्ञाचा चेहरा असतो, सौदा करताना अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांची कुजबुज असते, आणि ॲपवरची सोडत हुकली की सुतक असते. बनवणारे बहुधा त्याच संस्कृतीत वाढलेले असतात. ‘झेंडूची फुले’ (१९२५) लिहिणाऱ्या केशवकुमारांना ज्या कवितेची टर उडवायची होती ती मुळापासून ठाऊक होती. इथेही पेंग्विनची चाल तोच नेमकी करू शकतो, ज्याने कधी काळी स्वतःचे बूट तसेच जपले आहेत.

पण या जवळिकीला दुसरी बाजू आहे. २०१८ मध्ये पेलेस या स्वस्त बुटांच्या कंपनीने सँटा मोनिकात ‘पलेसी’ नावाचे खोटे उंची दुकान थाटले. वीस ते चाळीस डॉलरचे बूट तिथे शेकड्यांनी विकले गेले. एका गिऱ्हाइकाने ६४० डॉलर मोजले. मग पैसे परत करून सारे उघड केले गेले आणि त्याचीच जाहिरात झाली. त्याच्या पुढची पायरी मिस्चिफ या कलासमूहाने गाठली. २०१९ मध्ये त्यांनी नाइकीच्या बुटांत जॉर्डन नदीचे पवित्र जल भरून ते १,४२५ डॉलरला विकले. ही किंमत म्हणजे येशू पाण्यावरून चालतो त्या बायबलमधल्या ओवीचा क्रमांक. ही थट्टा नाममुद्रांच्या भक्तीची होती. मात्र ते बूटही हातोहात संपले आणि त्यांचीही चढ्या भावाने फेरविक्री झाली. २०२१ मध्ये याच समूहाने रॅपर लिल नास एक्ससोबत काढलेल्या ६६६ ‘सैतानी’ जोडांवर नाइकीने दावा लावला, तो लवकरच तडजोडीने मिटला. विडंबनच दुर्मिळ वस्तू झाले, तेव्हा हसणारा आणि विकत घेणारा यांच्यातले अंतर संपले.

वास्तव तर त्याहून पुढे गेले होते. २०२२ मध्ये ओरेगॉनमधल्या एका फेरविक्रेत्यावर फसवणुकीचे आरोप ठेवण्यात आले. सरकारी पक्षाच्या म्हणण्यानुसार त्याने एकाच जॉर्डन नमुन्याच्या सहा लाखांहून अधिक जोडांची आगाऊ मागणी घेतली, सात कोटी डॉलरहून अधिक रक्कम गोळा केली, आणि हाती आले ते जेमतेम सहा हजार जोड. एखाद्या प्रहसनात हे आकडे घातले असते, तर अतिशयोक्ती फार झाली असे आपण म्हणालो असतो.

आमचा आक्षेप या चित्रफितींच्या विनोदावर नाही, त्याच्या नेमावर आहे. त्या रांगेतल्या मुलाला हसतात, पारख्याला हसतात, दलालाला हसतात. जी कंपनी मुद्दाम थोडे जोड काढून ही रांग निर्माण करते, तिच्याकडे त्या क्वचितच वळतात. हे बूट आशियातल्या ज्या कारखान्यांत शिवले जातात त्यांच्या अवस्थेवरून १९९० च्या दशकात मोठे वादळ उठले, १९९८ मध्ये नाइकीच्या प्रमुखांना जाहीरपणे सुधारणांची ग्वाही द्यावी लागली. त्या शिवणाऱ्या हातांना या प्रहसनांत जागा नाही. सर्व पात्रे ग्राहक आहेत; कामगार एकही नाही.

अपवाद एकाच पात्राचा करावा लागेल: त्या आईचा. तिला नमुन्याचे नाव ठाऊक नाही, आलेख ठाऊक नाही. घालायचे नव्हते तर घेतले कशाला, एवढेच ती विचारते. प्रहसनकार तिला अडाणी म्हणून उभी करतो. पण वस्तू वापरासाठी असते ही गोष्ट त्या साऱ्या गर्दीत तिलाच आठवते. मुलाच्या किंकाळीवर आपण हसतो, आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर त्या दीड मिनिटात कोणीच देत नाही.