१ नोव्हेंबर १९८७ : नेहरू पार्कातला लेनिन

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातून पलीकडे चाणक्यपुरीत शिरलं की नेहरू पार्क लागतं. तिथे १ नोव्हेंबर १९८७ रोजी सोव्हिएत पंतप्रधान निकोलाय रिझकोव्ह यांनी लेनिनच्या पुतळ्याचं अनावरण केलं. राजीव गांधी हजर होते. निमित्त ऑक्टोबर क्रांतीच्या सत्तरीचं.

खुद्द लेनिन यांना हे कितपत रुचलं असतं? २१ जानेवारी १९२४ ला ते गेले. स्मारकं नकोत, शाळा नि पाळणाघरं काढा, असं पत्नी क्रुपस्काया यांनी ‘प्रावदा’तून विनवलं. ऐकतो कोण! पेट्रोग्राडचं पाच दिवसांतच लेनिनग्राड झालं होतं. देह टिकवून लाल चौकात दर्शनाला ठेवला गेला. देवधर्म मोडीत काढणाऱ्या पक्षाने स्वतःचं देवस्थान मात्र झोकात थाटलं. लहानग्या शाळकरी मुलांच्या छातीवर लाल चांदणीचा बिल्ला, त्यात कुरळ्या केसांचा बाळ लेनिन. १९७७ च्या राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने तर पक्षाचं नेतृत्व कायद्यातच कोरलं.

मराठी मुलखाशी लेनिनचा धागा जुना. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, मुंबईचे गिरणी कामगार संपावर गेले. लेनिन यांनी त्याची लेखात दखल घेतली. १९२१ मध्ये श्रीपाद अमृत डांगे यांनी ‘गांधी विरुद्ध लेनिन’ हे इंग्रजी पुस्तक लिहिलं.

अनावरणानंतर चारच वर्षांत सोव्हिएत संघ मोडला, लेनिनग्राड पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झालं. दिल्लीचा पुतळा राहिला. त्रिपुरात बेलोनियाचा मात्र मार्च २०१८ मध्ये बुलडोझर लावून पाडला गेला, विधानसभेचा निकाल लागून दोन दिवस होतात न होतात तोच.