बीडची माती : गाळ की झीज?

बीडच्या जंगलमातीवर काम करणार आहात? मग जरा थांबा. कितीतरी परदेशी पेपरमधली माती हिमनदीच्या पाण्याने वाहून आणलेल्या वाळूवर तयार झालेली असते : वाळूमिश्रित पोयटा, पटकन निचरणारा. बालाघाटाखाली आहे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट. उतारावर मुरमाड, सखल भागात काळी माती.

हे मूळ ओळखतानाही वाद झाला. व्हॉयसीच्या (मृत्यू १८२४) मते काळी माती बेसाल्टच्या झिजेतून झाली. पुढे न्यूबोल्डला ती पाण्याखाली साचलेला गाळ वाटली. आपल्याकडे व्हॉयसीच बरोबर ठरला.

रंगही फसवतो. काळी म्हणजे पालापाचोळा भरपूर, असं वाटतं ना? सेंद्रिय कर्ब बऱ्याचदा एक टक्क्याच्या आतच निघतो. पाणी धरते ती स्मेक्टाइट चिकणमाती, आणि उन्हाळ्यात भेगाही तिच्यामुळेच. भेगेवर रिंग ठोकलीत तर पाणी आधी धो धो जिरतं, माती फुगली की जवळपास थांबतं. माझी पहिली रीडिंग्ज अशीच वाया गेली.