मौनाचा उपचार आणि वाणीचा उपचार

मन खचलेल्या, चिंतेनें पोखरलेल्या स्त्रीला घरचीं वडीलधारीं माणसें बहुधा एकच सल्ला देतात : 'फार विचार करूं नकोस, स्वस्थ पडून राहा.' हा सल्ला मायेपोटीं दिलेला असतो, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु एके काळीं त्याला वैद्यकशास्त्राचा आधार लाभला होता, आणि त्याचें फळ काय मिळालें हें पाहण्याजोगें आहे.

अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें सायलस वेअर मिचेल या नांवाचे ख्यातनाम मज्जातंतुवैद्य होते. यादवी युद्धांतील जखमी सैनिकांविषयीं त्यांनीं केलेलें संशोधन मोलाचें ठरलें. १८७७ सालीं 'फॅट अँड ब्लड' या ग्रंथांत त्यांनीं आपली विश्रांतिचिकित्सा मांडली. रुग्ण स्त्रीनें कित्येक आठवडे अंथरुणावर पडून राहावें, आप्तेष्टांस भेटूं नये, भरपूर दूध प्यावें, अंग चोळून घ्यावें, आणि लेखन-वाचनाचें नांवहि काढूं नये, अशी तिची रीत होती. कित्येकींस तिचा गुण आला, हेंहि खरें.

१८८७ सालीं शार्लट पर्किन्स स्टेटसन या लेखिका (पुढें त्या गिलमन या नांवानें प्रसिद्धीस आल्या) त्यांच्याकडे उपचारार्थ गेल्या. कन्येच्या जन्मापासून त्यांना विषादानें ग्रासलें होतें. त्यांना घरीं पाठवतांना डॉक्टरांनीं बजावलें, कीं संसारांत रमावें, बौद्धिक व्यासंग दिवसाकांठीं दोन तासांपलीकडे जाऊं देऊं नये, आणि लेखणी वा कुंचला जन्मांत पुन्हा हातीं धरूं नये. बाईंनीं हें पथ्य सुमारें तीन महिने पाळलें आणि त्या वेडाच्या उंबरठ्याशीं येऊन ठेपल्या, असें त्यांनींच १९१३ सालीं लिहिलें आहे. पथ्य झुगारून त्या पुन्हा कामास लागल्या, तेव्हां कांहीं अंशीं सावरल्या. १८९२ सालीं प्रसिद्ध झालेली 'द यलो वॉलपेपर' ही त्यांची कथा याच अनुभवांतून निघाली.

त्याच दशकाच्या आरंभीं व्हिएन्ना शहरीं निराळाच प्रकार घडत होता. आजारी पित्याची शुश्रूषा करतां करतां स्वतःच आजारी पडलेल्या बर्था पापेनहाइम या एकवीस वर्षांच्या तरुणीचें बोलणें डॉक्टर योझेफ ब्रॉयर ऐकून घेत असत. बोलल्यानें मन हलकें होतें, हें तिला उमगलें; 'बोलण्याचा उपचार' हें नांवहि तिनेंच इंग्रजींत दिलें. १८९५ सालीं ब्रॉयर व फ्रॉइड यांनीं हा वृत्तांत टोपणनांवानें छापला. त्यांत रंगवल्याप्रमाणें ती लगेच बरी झाली नाहीं. १८८२ नंतरहि तिला आरोग्यधामांत राहावें लागलें. पण पुढें तिनेंच १९०४ सालीं जर्मनींतील यहुदी स्त्रियांचा संघ स्थापन केला.

एकीकडे स्त्रीची वाणी हीच व्याधि मानली गेली. दुसरीकडे तीच औषध ठरली. हा दुसरा मार्ग आतां आपल्या शेजारीं येऊन पोहोंचला आहे. गोव्यांत १९९६ सालीं स्थापन झालेल्या 'संगत' या संस्थेच्या 'मानस' प्रयोगांत वैद्यकीय पदवी नसलेल्या, परंतु रीतसर शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनीं चिंता व विषाद यांनीं गांजलेल्या रुग्णांस साहाय्य केलें. सरकारी आरोग्यकेंद्रांत येणाऱ्यांना त्याचा लाभ झाल्याचें २०१० सालीं प्रसिद्ध झालें.

विश्रांति वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. दुखणें बळावलें तर वैद्याकडे गेलेंच पाहिजे. परंतु घरांतील सून किंवा लेक अबोल झाली, तर 'पडून राहा' असें म्हणण्यापूर्वीं तिच्याजवळ बसून 'काय होतें तें सांग' एवढें विचारावें, आणि तिचें सांगून होईपर्यंत मध्यें बोलूं नये, इतकें तरी सुजाण कुटुंबांना करतां येईल.