हृदयविकाराची सुरुवात कोठे होते? पुण्याजवळच्या सहा गावांचा इतिहास

१/ १९९० च्या दशकात मुळशी तालुक्यात हिंजवडीच्या शेतजमिनींवर माहिती-तंत्रज्ञानाच्या इमारती उभ्या राहू लागल्या. त्याच दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांत वजनकाटा आणि मोजपट्टी घेऊन संशोधक घरोघर फिरत होते. एकीकडे बैठ्या, शहरी जगण्याची पायाभरणी चालू होती. दुसरीकडे त्या जगण्यात भारतीय शरीर लवकर का थकते, याचा शोध.

२/ हृदयविकार म्हणजे सुखवस्तू, स्थूल, उतारवयातील माणसाचा रोग, अशी रूढ समजूत होती. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्यासमोर येणारे मधुमेही मात्र अनेकदा सडपातळ आणि तरुण असत. मधुमेह हा हृदयविकाराचा सख्खा सोबती. तेव्हा हे कोडे दोन्ही रोगांचे होते.

३/ या कोड्याचे सर्वांत प्रसिद्ध चित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. शेजारी शेजारी उभे दोन डॉक्टर: लंडनचे जॉन युडकिन आणि पुण्याचे याज्ञिक. उंचीच्या मानाने वजन मोजणारा निर्देशांक दोघांचाही २२.३. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के!

४/ उत्तराचा धागा इंग्लंडमध्ये सापडला होता. हर्टफर्डशायर परगण्यातील सुइणी आणि परिचारिकांनी १९११ पासून बाळांची वजने नोंदवहीत लिहून ठेवली होती. डेव्हिड बार्कर यांनी त्या वह्या धुंडाळल्या. जन्मतः आणि पहिल्या वर्षअखेर ज्यांचे वजन कमी होते, त्या पुरुषांत पुढे हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक दिसले. हा निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाला.

५/ पण जुन्या वहीत आईचा आहार नसतो, तिचे रक्तही नसते. म्हणून १९९३ साली ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ने उलट दिशा धरली: गर्भधारणेच्याही आधीपासून आरंभ. सुमारे अडीच हजार विवाहित स्त्रियांची नोंद झाली. दर महिन्याला पाळीची तारीख विचारली जाई. त्यातून सुमारे आठशे गर्भधारणांचा मागोवा घेतला गेला.

६/ या मातांचे सरासरी वय एकवीस. म्हणजे त्यांतील कित्येकींचा जन्म १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे झालेला. लहान चणीच्या या स्त्रिया गरोदरपणातही शेतात राबत, पाणी वाहत. ज्यांचे कष्ट अधिक, त्यांची बाळे लहान. ज्यांच्या ताटात हिरवी भाजी, फळे आणि दूध अधिक वेळा, त्यांची बाळे मोठी, असे संबंध हाती आले.

७/ २००३ साली पुण्याच्या बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी झाली. सरासरी वजन येथे २.७ किलो, तेथे ३.५ किलो. स्नायू आणि पोटातील अवयव येथे पुष्कळ लहान. त्वचेखालची चरबी मात्र जवळजवळ शाबूत. या बाळाला नाव मिळाले ‘थिन-फॅट’: दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार.

८/ रक्तात आणखी एक गोष्ट दिसली. सुमारे दोन-तृतीयांश मातांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ते दूध, अंडी, मांस यांतूनच मिळते. ते कमी पडले की होमोसिस्टिन नावाचा पदार्थ रक्तात साचतो. त्याने रक्तवाहिनीच्या आतील अस्तरात ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’, म्हणजे ऑक्सिजनच्या आक्रमक रेणूंचा मारा, वाढतो. वाहिनी सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड कमी पडते.

९/ होमोसिस्टिन आणि धमन्यांचा रोग हा संबंध अमेरिकेचे किल्मर मॅककुली यांनी १९६९ सालीच मांडला होता; तो बराच काळ उपेक्षित राहिला. पुढे प्रौढ रुग्णांना ब-जीवनसत्त्वे देऊन मोठ्या चाचण्या झाल्या. २००६ चे निकाल निराश करणारे होते: होमोसिस्टिन उतरले, पण हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत.

१०/ मग प्रश्न उरला तो वेळेचा. ब-१२ आणि फोलेट यांच्या साखळीतूनच शरीराला मिथाइल गट मिळतात. हे गट डीएनएवर खुणेसारखे बसतात आणि कोणते जनुक बोलेल, कोणते गप्प राहील, हे ठरवण्यास हातभार लावतात. जनुकाची अक्षरे तीच; वाचन बदलते. आणि या खुणांची मोठी मांडणी गर्भात होते.

११/ नेदरलँड्समध्ये याचा पुरावा मिळाला. १९४४-४५ च्या हिवाळ्यातील उपासमारीत, गर्भधारणेच्या सुमारास ज्यांच्या माता उपाशी होत्या, त्यांच्या आयजीएफ-२ या वाढीशी निगडित जनुकावरील मिथाइल खुणा सहा दशकांनंतरही वेगळ्या होत्या. २००८ साली हे प्रसिद्ध झाले.

१२/ त्याच वर्षी पुण्याचाही निष्कर्ष आला. आईच्या रक्तात फोलेट भरपूर पण ब-१२ कमी, अशा जोडीतून जन्मलेल्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती. गरोदर स्त्रियांना फॉलिक ॲसिडची गोळी सर्रास दिली जाते, ब-१२ नव्हे. ती गोळी बाळाच्या मज्जारज्जूचे व्यंग टाळते, म्हणून ती आवश्यकच; प्रश्न होता तिच्या जोडीला काय हवे, हा.

१३/ तो तपासण्यासाठी २०१२ साली याच अभ्यासातील, आता किशोरवयात आलेल्या मुलामुलींवर नवी चाचणी सुरू झाली. काही गटांना रोज २ मायक्रोग्रॅम ब-१२. उद्देश असा की उद्याच्या आईबापांचे पोषण गर्भधारणेआधीच सुधारावे. चाचणीचे नाव ‘प्रिया’.

१४/ या कथेचा शेवट अजून लिहिला गेलेला नाही. ती बाळे आज तिशीत आहेत. हृदयविकाराचे वय पुढे आहे. गर्भातील खुणा आणि पन्नाशीतील झटका यांची साखळी माणसात पूर्ण सिद्ध व्हायला तेवढा काळ जावाच लागेल.

१५/ तोवर एक गोष्ट निश्चित सांगता येते. हृदयविकाराचा हिशेब केवळ रुग्णाच्या आजच्या ताटावर मांडता येत नाही. आणि म्हणून तो आईच्या माथी मारणेही अन्याय्य ठरेल; तिच्या ताटात काय वाढले गेले आणि डोक्यावर किती ओझे दिले गेले, हे तिने एकटीने ठरवलेले नव्हते. हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत बसलेल्या तरुणाच्या छातीत दुखू लागते, तेव्हा त्या दुखण्याचा एक धागा कदाचित त्याच्या जन्माआधीच्या एखाद्या शेताच्या बांधापर्यंत जात असतो.