यूएसबी-टीटीएल अडॅप्टर

संगणकाचा यूएसबी पोर्ट आणि मायक्रोकंट्रोलरची सिरियल लाइन यांच्यामध्ये बसणारा छोटा बोर्ड. बाजारात ‘यूएसबी टू टीटीएल’ या नावाने मागायचा. ‘यूएसबी टू सिरियल’ म्हटले तर नऊ पिनांची जाड केबल हातात पडण्याचा संभव असतो, आणि ती इथे चालत नाही. तिच्यातील आरएस-२३२ संकेत उणे १५ ते अधिक १५ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो आणि टीटीएलच्या तुलनेत उलटा असतो. मायक्रोकंट्रोलरला हवे असतात ० आणि ५, किंवा ० आणि ३.३ व्होल्ट. केबल थेट जोडली तर पिन जळू शकते.

यूएसबी आणि सिरियल यांना जोडण्याचे हे काम काही बोर्डांवर आधीच केलेले असते. आर्डुइनो ड्युमिलानोव्हेवर त्यासाठी एफटी२३२आरएल चिप होती. २०१० मध्ये आलेल्या ऊनोवर याच कामासाठी दुसरा छोटा मायक्रोकंट्रोलर बसवण्यात आला. स्वस्त नॅनोवर बहुधा सीएच३४० असते. प्रो मिनी आणि ईएसपी-०१ यांवर मात्र असे काहीच नसते. त्यांच्यासाठी अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो.

चार चिपा नेहमी भेटतात: स्कॉटलंडच्या एफटीडीआयची एफटी२३२, अमेरिकेच्या सिलिकॉन लॅब्जची सीपी२१०२, तैवानच्या प्रोलिफिकची पीएल२३०३ आणि चीनच्या डब्ल्यूसीएचची सीएच३४०. पहिलीच्या नकला इतक्या झाल्या की ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीने विंडोज अपडेटमधून असा ड्रायव्हर पाठवला, जो नकली चिपेतील ओळख-क्रमांक ६००१ बदलून ० करीत असे. बदल चिपेच्या आतच लिहिला जात असल्याने ती दुसऱ्या संगणकावरही ओळखली जाईना. ओरड झाल्यावर ड्रायव्हर मागे घेतला गेला. २०१६ मध्ये नवा ड्रायव्हर आला. त्याने चिप मारली नाही, पण डेटाच्या ओळीत ‘हे उपकरण अस्सल नाही’ असा इंग्रजी मजकूर घुसवायला सुरुवात केली. नक्कल रोखण्याचा कंपनीचा हक्क मान्य केला तरी शिक्षा भोगली ती ग्राहकाने, ज्याला आपली चिप नकली आहे याचा पत्ताही नव्हता. प्रोलिफिकचे नवे ड्रायव्हर नकली आणि जुन्या चिपांना नुसता नकार देतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह दिसते. सीएच३४० मुळातच स्वस्त असल्याने ही भानगड तिच्या वाट्याला फारशी आली नाही.

खरा घोटाळा व्होल्टेजचा. अनेक अडॅप्टरांवर ३.३ आणि ५ व्होल्टचा जंपर असतो आणि तो फिरवला की काम झाले असे वाटते. पण काही बोर्डांवर तो फक्त व्हीसीसी पिनेचे व्होल्टेज बदलतो. डेटा पाठवणाऱ्या टीएक्स पिनेचे व्होल्टेज जिथल्या तिथेच राहते. त्यामुळे ईएसपी८२६६सारख्या ३.३ व्होल्टच्या चिपेला जोडण्याआधी मल्टिमीटरचा काळा प्रोब ग्राउंडला आणि लाल टीएक्सला लावावा. लाइन रिकामी असताना टीएक्स ‘हाय’ असते, म्हणून जे दिसेल तेच तिचे खरे व्होल्टेज. ५च्या आसपास आकडा आला तर दोन रेझिस्टरांचा व्होल्टेज डिव्हायडर करून मगच पुढे जावे.

जोडणीत टीएक्स समोरच्या आरएक्सला, म्हणजे डेटा घेणाऱ्या पिनेला, आणि आरएक्स टीएक्सला जाते. ग्राउंड मात्र दोघांचा एकच असला पाहिजे. बोर्डाचा पुरवठा बंद असूनही त्यावरचा एलईडी मिणमिणत राहिला तर घाबरू नये: अडॅप्टरच्या टीएक्समधून वीज चिपेच्या संरक्षक डायोडमार्गे आत शिरत असते. ही स्थिती चांगली नव्हे, तेव्हा अशा वेळी अडॅप्टरही काढून ठेवावा. उलट, अडॅप्टरच्या ३.३ व्होल्ट पिनेवर वायफायचा बोर्ड चालवू नये. एफटी२३२आर त्या पिनेवर फक्त ५० मिलिअँपिअर देते, तर ईएसपी८२६६साठी ५०० मिलिअँपिअरचा पुरवठा असावा, असे उत्पादकच सांगतो. कमी पडले की बोर्ड वायफाय सुरू होताच रिसेट होतो आणि आपण प्रोग्रॅममधली चूक शोधत बसतो.

प्रो मिनीसाठी डीटीआर पिन असलेलाच अडॅप्टर घ्यावा. ही पिन ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून रिसेटला क्षणभर खाली खेचते, बूटलोडर जागा होतो आणि प्रोग्रॅम चढतो. डीटीआर नसेल तर अपलोड सुरू होण्याच्या नेमक्या वेळी रिसेट बटण हाताने दाबावे लागते. जमते, पण कंटाळा येतो. ईएसपी-०१वर प्रोग्रॅम चढवायचा तर रिसेटच्या वेळी जीपीआयओ० ही पिन ग्राउंडला धरावी लागते.

लिनक्सवर या चिपांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात. डेबियन-उबुंटूवर आपल्याला ‘डायलआउट’ गटात घालून घेतले नाही तर पोर्ट दिसतो, पण उघडत नाही. उबुंटू २२.०४ मध्ये ब्रेल उपकरणांसाठीची ‘बीआरएलटीटीवाय’ ही सेवा सीएच३४०ला आपले उपकरण समजून ताब्यात घेते आणि पोर्ट नाहीसा होतो. ब्रेल वापरत नसल्यास ती काढून टाकावी. पोर्ट मुळीच दिसत नसेल तर आधी केबल बदलून पाहावी, कारण काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात आणि त्यांत डेटाच्या तारा नसतात.

नवा अडॅप्टर आणला की बोर्ड जोडण्याआधी त्याच्याच टीएक्स आणि आरएक्स पिना एकमेकींना जोडाव्यात, टर्मिनलमधला लोकल इको बंद करावा आणि काही अक्षरे टाइप करावीत. ती जशीच्या तशी परत दिसली तर चिप, ड्रायव्हर आणि केबल तिन्ही ठीक आहेत. व्होल्टेज मात्र या चाचणीत कळत नाही. त्याला मल्टिमीटरच लावावा लागतो.