तोकाईची पिंपे : एका डांबरी आवरणाचा इतिहास

किरणोत्सर्गी कचरा निसर्गात मिसळू नये म्हणून तो एखाद्या घट्ट द्रव्यात कोंडण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. सिमेंट, पॉलिएस्टर, इपॉक्सी आणि डांबर ही त्यांपैकी प्रमुख द्रव्ये होत. डांबरातून पाणी सहसा झिरपत नाही. शिवाय सिमेंटपेक्षा ते कमी जागेत अधिक क्षार सामावून घेते. म्हणून फ्रान्स, बेल्जियम व जपान या देशांनी डांबराचा स्वीकार केला. तथापि, ही सेंद्रिय द्रव्ये तापल्यावर कशी वागतात, हा प्रश्न दुय्यम मानला गेला.

दि. ११ मार्च १९९७ रोजी जपानमधील तोकाई येथील पुनर्प्रक्रिया केंद्रात सकाळी दहाच्या सुमारास डांबर भरलेल्या पिंपांना आग लागली. सुमारे एक मिनिट पाणी फवारण्यात आले. ज्वाळा दिसेनाशा झाल्या. परंतु पिंपांच्या गाभ्यातील उष्णता कायम होती. वायुवीजन बंद पडलेले असल्याने तापलेल्या डांबरातून निघणारे ज्वालाग्राही वायू साचत गेले आणि रात्री आठ वाजून चार मिनिटांनी स्फोट झाला. ३७ कामगारांच्या शरीरात अल्प प्रमाणात किरणोत्सर्गी द्रव्य गेले. आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीत या घटनेस तिसरी पातळी देण्यात आली.

कारण रसायनशास्त्राच्या प्राथमिक तत्त्वांत होते. कचऱ्यातील सोडियम नायट्रेट ऑक्सिजन पुरवते, तर डांबर हे इंधन. यंत्रातील घर्षणाने मिश्रण नेहमीपेक्षा अधिक तापले होते. पिंपात भरल्यावर त्यात मंद रासायनिक क्रिया चालू राहिली. डांबर उष्णतेचे मंदवाहक असल्याने निर्माण झालेली उष्णता बाहेर पडेना. तापमान चढत गेले. चिमूटभर नमुना लगेच थंड होतो, भरलेले पिंप होत नाही. प्रयोगशाळेतील लहान नमुन्यावरून मोठ्या पिंपाची सुरक्षितता ठरवता येत नाही, ती यामुळेच.

आग विझल्याची खात्री केल्याचा अहवाल खोटा असल्याचे एप्रिलमध्ये उघड झाले. याच संस्थेने १९९५ मध्ये मोंजू अणुभट्टीतील सोडियम गळतीची चित्रफीतही दडवली होती. अखेर १९९८ मध्ये संस्थेची पुनर्रचना झाली.

विझलेली आग आणि निवलेले पिंप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली डोळ्यांना दिसते, दुसरी मोजावी लागते. तोकाईत मोजमापाची जागा अहवालाने घेतली होती.