एम्प्रेस गिरणीचा इ. स. १८७७ चा संप : मालकाच्या दृष्टीनें

वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास अमरावती-अकोल्याच्या अडत्यांच्या वह्यांपाशींच थांबत नाहीं; त्याचें एक पान नागपुरास जुम्मा तलावाच्या कांठीं आहे. तेथील दलदलीच्या जागेंत भराव घालून जमशेटजी टाटांनीं एम्प्रेस गिरणी उभारली आणि व्हिक्टोरिया राणी सम्राज्ञी म्हणून घोषित झाली त्याच दिवशीं, १ जानेवारी १८७७ रोजीं, ती सुरू केली. कापूस जवळचा, कोळसा जवळचा, बाजारही जवळचा. मुंबई सोडून येथें येण्याचा हा हिशोब अचूक होता. एका मारवाडी सावकारानें मात्र हें सोनें खड्ड्यांत पुरणें आहे असें म्हणून भांडवल नाकारलें, ही आख्यायिका प्रसिद्धच आहे.

त्याच वर्षीं मजुरीच्या दरावरून गिरणींत संप झाला. हिंदुस्थानांतील कापड-गिरण्यांच्या अगदीं आरंभींच्या संपांत त्याची गणना होते.

मजुरांविषयीं मालकपक्षाची मुख्य तक्रार गैरहजेरीची. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता हे जी. आय. पी. रेल्वेच्या मालखात्यांतून आलेले. घड्याळाचा धाक त्यांच्या अंगवळणीं पडलेला. उलट नागपुरचा कोष्टी वा महार विणकर घरच्या मागावर आपल्या वेळेचा धनी होता. त्यानें उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत भोंग्याच्या हुकमांत राहावें, ही अपेक्षाच नवी होती. मालकाच्या लेखीं तो आळस ठरला. म्हणून उपाय योजले ते उत्तेजनाचे : बक्षीस-समारंभ, १८८६ त पेन्शन-फंड, १८९५ त अपघाताची भरपाई, १९०१ त प्रॉव्हिडंट फंड. भरपाईचा कायदा १९२३ चा. तेव्हां ही दूरदृष्टि मोकळेपणानें मान्य केली पाहिजे. परंतु भांडण दराचें होतें. देणगी मालक एकटा ठरवितो. दर ठरवावयास दुसरा पक्ष मानावा लागतो, आणि तेवढेंच या योजनांत नाहीं.

‘संप’ हा शब्दही येथें पाहण्यासारखा आहे. पारशी मालकाच्या गुजरातींत त्याचा अर्थ सलोखा. मराठी मजुराच्या तोंडीं एकजुटीनें काम थांबविणें.

मीं अकोल्यास तीस वर्षें मुलांना जमशेटजींचें चरित्र सांगितलें. त्यांत हा संप नव्हता, आणि मलाही त्याची उणीव भासली नाहीं. म्हणून संग्राहकांस विनंति कीं, मोडी वह्यांतील कापसाच्या भावाचीं पानें जपतांना जिनांतील मजुरीचीं पानें रद्दींत घालूं नयेत. नागपुरच्या दराशीं ताडून पाहावयास वऱ्हाडांतील दर तेथेंच सांपडतील.